सरासरी अनंत

एका संध्याकाळी नेगिशी-सानांनी मला विचारलं की तुमच्या घरातून जी शिट्टी ऐकू येते ती किती वेळाने होते. मी कुकरचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी मनाशी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे तीन." काय तीन, ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. व्यावसायिक बेसबॉलमधली त्यांची कारकीर्द कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढी होती.

टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीचे ते कान्रिनिन होते. कान्रिनिन म्हणजे वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी आणि सासू या तिघांची कामं एकाच पगारात करणारा माणूस. आम्ही दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी तिथे राहायला गेलो तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. काटकुळे, ताठ, डोक्यावर निळी टोपी. टोपीवर एकेकाळी कसलं तरी अक्षर शिवलेलं असावं, कारण तिथे सुईची भोकं तेवढी राहिली होती. इमारतीतल्या भारतीय बायकांची नावं त्यांच्या जिभेला झेपत नसत, म्हणून ते आम्हाला फ्लॅटच्या नंबरानेच हाक मारत. मी चारशे-तीन-सान होते, म्हणजे चारशे-तीन-बाई. माझ्या नवऱ्याला, मकरंदला, ते 'चारशे-तीन-सानांचे यजमान' म्हणत. मकरंदला ते फारसं आवडत नसे.

त्यांचं एक पालुपद होतं. "माझु, हितोत्सु." म्हणजे "आधी एक." लिफ्ट बिघडली, पाइप फुटला, कुणाची किल्ली आत राहिली, काहीही झालं तरी ते आधी हे म्हणत आणि मग कामाला लागत. मी सॉफ्टवेअर कंपनीत जपानीतून भाषांतरं करते, त्यामुळे मला ते लगेच कळलं. मकरंदला कळलं नाही. पहिल्या आठवड्यात तो बाटल्या, डबे, रद्दी आणि केळ्याची सालं एकाच पिशवीत भरून खाली ठेवायला गेला. नेगिशी-सानांनी पिशवी उघडली, त्यातली एक बाटली वर काढून धरली आणि म्हणाले, "माझु, हितोत्सु." मकरंदला वाटलं, म्हातारा म्हणतोय की ही बाटली माझी. त्याने दोन्ही हातांनी ती त्यांना अर्पण केली, नमस्कार केला आणि वर निघून आला. पाच मिनिटांनी नेगिशी-सान ती बाटली, तिचं झाकण आणि तिच्यावरचा कागद असे तीन वेगवेगळे जिन्नस घेऊन आमच्या दारात उभे होते.

भूकंपाच्या दिवशी मी घरी काम करत होते. इमारत हलायची थांबली तशी दारावर थाप पडली. लिफ्ट बंद होती, तरी ते फळीला लावलेला कागद आणि पेन्सिल घेऊन जिना चढत प्रत्येक दार वाजवत होते. मी पार गोंधळले होते. पासपोर्ट शोधू की शाळेतून मुलीला आणू, काही सुचत नव्हतं. ते म्हणाले, "माझु, हितोत्सु. गॅस." मी गॅस बंद केला. त्यांनी कागदावर खूण केली आणि चारशे-चारकडे वळले. त्या दिवशी मला त्यांच्या त्या दोन शब्दांचा फार आधार वाटला, हे कबूल करायला हवं.

अणुभट्टीच्या बातम्या आल्या आणि आठवडाभरात निम्मी इमारत मुंबई-पुण्याला पळाली. पळणाऱ्यांना त्यांनी अडवलं नाही की धीर दिला नाही. जाण्यापूर्वी कचऱ्याचं मात्र बघा, एवढंच सांगितलं. विमान पकडण्याच्या धांदलीतही सातव्या मजल्यावरच्या जोश्यांनी दुधाचे खोके धुऊन, कापून, वाळवून, सुतळीने बांधून ठेवले होते. आम्हीही गेलो आणि मे महिन्यात परत आलो. नेगिशी-सान दारातच झाडत होते. "तुमची कुंडीतली कोथिंबीर गेली," ते म्हणाले. "मी पाणी जास्त घातलं."

त्या उन्हाळ्यात त्यांचं बेसबॉलचं प्रकरण बाहेर पडलं, ते मकरंदमुळे. आमच्याकडची पुरुषमंडळी रविवारी नदीकाठच्या मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळत. नेगिशी-सान सायकल लावून कठड्यापाशी उभे राहून बघत. एकदा खेळाडू कमी पडले म्हणून मकरंदने त्यांना बोलावलं आणि खाणाखुणांनी विचारलं की बोलिंग टाकणार का. त्यांनी टोपी उलटी केली, चेंडू बोटांत फिरवून धरला, एक पाय छातीपर्यंत उचलला आणि जो काही चेंडू फेकला तो फलंदाजाला दिसलासुद्धा नाही. स्टंप उडून मागच्या गवतात गेला.  मग मकरंद, जो अंपायर होता आणि नियमांच्या बाबतीत सख्ख्या बापाची गय करणार नाही, त्याने हात आडवा पसरला. कोपर वाकलं होतं, हा थ्रो आहे, नोबॉल. मला तिथून हाक मारून ते भाषांतरायला लावलं. नेगिशी-सानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बाद नाही?" मी म्हटलं, नाही. उलट समोरच्यांना एक रन. "आणि चेंडू?" तो मोजलाच जात नाही, मी सांगितलं. त्यांनी टोपी सरळ केली, वाकून नमस्कार केला आणि सायकलवर बसून निघून गेले.

पण त्यांची ती फेकण्याची ढब मकरंदच्या डोक्यातून जाईना. त्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की तरुणपणी थोडा काळ व्यवसाय म्हणून खेळलो. युद्धानंतर काही वर्षांनी तिथे एकाच्या दोन लीग झाल्या, एकदम कितीतरी संघ निघाले, आणि ज्याला दोन हात आहेत त्याला घेऊ लागले. यांचा संघ एका साबणवाल्याचा होता. दोन हंगामांत संघही बुडाला आणि साबणही. झालं, मकरंद लायब्ररीत जाऊन एक जाडजूड जुनी नोंदवही शोधून तिचा फोटो घेऊन आला. नेगिशींच्या नावापुढे एकच ओळ होती. सामने एक. बाद शून्य. मग एक रकाना, ज्याचं शब्दशः भाषांतर मी 'बचावाची सरासरी' असं केलं, आणि त्याखाली आडवा आठ. म्हणजे अनंत.

मकरंद खुर्चीवरून उठला. क्रिकेटमध्ये जो फलंदाज कधी बादच होत नाही त्याची सरासरी अनंत निघते, आणि असा माणूस जगात विरळा, हे त्याने मला तीनदा समजावलं. बाद शून्य, सरासरी अनंत! असा माणूस खाली आपले डबे वेगळे करतोय आणि आपल्याला पत्ता नाही! मला क्रिकेटमधलं कळत नाही आणि बेसबॉलमधलं तर त्याहून नाही, आणि हे मी त्या काळी जरा मिरवतच असे. एखाद्या जपानी माणसाला विचारून घ्यायचं मला सुचलं नाही. मॅन्युअलमधला एक स्क्रू चुकू नये म्हणून मी चार ठिकाणी विचारते. माणसाच्या आयुष्यातली एकुलती एक ओळ मात्र मी बिनधास्त ठोकून दिली.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा सत्कार ठरला. कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. शाल झाली, नारळ झाला, मकरंदचं भाषण झालं आणि ते वाक्य जपानीतून माइकवर सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हटलं, "नेगिशी-सान, व्यावसायिक बेसबॉलमध्ये तुमची बचावाची सरासरी अनंत आहे, याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटतो." सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. नेगिशी-सान नारळ हातात धरून कमरेतून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते शाल आणि नारळ रुमालात बांधून दारात हजर. परत करायला आले होते. सोबत एक कागद होता, त्यावर गणित मांडलेलं. चेंडू टाकणाऱ्याने दिलेल्या धावा आणि त्याने बाद केलेले गडी यांच्यावरून ही सरासरी काढतात. जितकी कमी तितका पिचर चांगला. त्यांनी चार फलंदाजांना चेंडू टाकले, चार धावा गेल्या, आणि बाद एकही केला नाही. मग त्यांना मैदानाबाहेर बोलावलं, ते कायमचंच. शून्याने भागाकार होत नाही, म्हणून आडवा आठ.

"म्हणजे अनंत हे..." मी विचारलं.

"त्याच्याहून वाईट काही असू शकत नाही," ते म्हणाले. "एक जरी बाद केला असता, तरी आकडा आला असता. कितीही मोठा. पण आकडा."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साठ वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट मी माइकवरून, तीही अभिमानाने, भर सभेत सांगितली होती. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, भाषांतर बरोबर होतं. मी नारळ परत घ्यायला नकार दिला. दिलेला नारळ परत घेत नाहीत, असं सांगितलं. यावर त्यांनी विचार केला आणि विचारलं की याची करवंटी कुठल्या वारी टाकायची. वॉर्डाच्या कचऱ्याच्या पुस्तिकेत नारळ नव्हता. शेवटी त्यांनी आपल्या अधिकारात ती जळणाऱ्या कचऱ्यात घालायची ठरवली. जाताजाता म्हणाले, पहिलाच फलंदाज बाद व्हायचा होता. उंच उडालेला सोपा झेल होता, तो सेकंड बेसवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या माणसाकडून सुटला. अजून काही सांगणार होते असं वाटलं, पण लिफ्टचं दार उघडलं आणि ते आत गेले.

त्या सेकंड बेसवरच्या माणसाचं नाव ओयामा. हे मला डिसेंबरात कळलं. आदल्या डिसेंबरात नेगिशी-सानांनी आम्हाला वाकामे म्हणजे समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ आणून दिलं होतं. मी ते तुरीच्या आमटीत घातलं आणि आमटीला खाडीचा वास आला, म्हणून लक्षात होतं. दर वर्षअखेरीला त्यांच्याकडे एक खोकं येई आणि ते सगळं इमारतीत वाटून टाकत. स्वतः काडीही खात नसत. ते खोकं ईशान्य किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावाहून ओयामा-सान पाठवत. वर एका ओळीचं कार्ड असे: 'त्या दिवसाबद्दल क्षमस्व.' साठ वर्षं, दर डिसेंबर. नेगिशी-सानांनी एकदाही उत्तर पाठवलं नव्हतं.

त्या वर्षी खोकं आलं नाही. गाव कुठलं ते त्यांनी मला सांगितलं. त्सुनामीच्या बातम्यांत ते नाव आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं. नेगिशी-सान जानेवारी संपेपर्यंत रोज पोस्टाच्या पेट्यांपाशी उभे राहत. लोकांना वाटे, पेट्या पुसतायत. फेब्रुवारीत ते वर आले आणि म्हणाले की तुमचं मंडळ त्या भागातल्या तात्पुरत्या घरांत जेवण करून वाढायला जाणार आहे असं ऐकलं. तिकडच्या ऑफिसशी फोनवर तुम्हीच बोलता. तर सहज विचाराल का. मी म्हटलं, तुम्हीच फोन करा ना. ते म्हणाले, साठ वर्षं ज्याने उत्तर दिलं नाही त्याने आता कोणत्या तोंडाने विचारायचं.

मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी वैयक्तिक माहिती देता येत नाही असं नम्रपणे सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा, जास्त नम्रपणे, सांगितलं. मग मेनूवर बोलणं आलं. मी म्हटलं, खिचडी, बटाट्याची भाजी आणि शिरा. त्यावर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे ओयामा नावाचे कुणी आहेत असं मी सांगू शकत नाही. पण भाजी तिखट नको. त्यांना सोसत नाही."

हे मी खाली जाऊन जसंच्या तसं सांगितलं. नेगिशी-सानांनी हातातला झाडू भिंतीला टेकवून ठेवला, तो घसरून पडला, त्यांनी उचलून पुन्हा टेकवला. "तिखट नको," ते म्हणाले. मग म्हणाले, मी बसमध्ये येऊ का.

मे महिन्यात आम्ही निघालो. मंडळी ट्रॅकसूटमध्ये आणि नेगिशी-सान काळा सूट, टाय, डोक्यावर तीच निळी टोपी, मांडीवर टोकियोच्या मिठाईचा डबा. ते माझ्या शेजारी बसले होते. चार तास गेले. मागे अंताक्षरी रंगात आली होती. मग त्यांनी विचारलं की क्रिकेटमध्ये दोघांच्या मधे उंच झेल उडाला तर काय करतात. मी मागे वळून मकरंदला विचारलं. जो घेणार तो 'माझा!' असं ओरडतो, तो म्हणाला, आणि मग दुसऱ्याने थांबायचं.

"आमच्यात 'ओराइ' म्हणतात," नेगिशी-सान म्हणाले. "त्या दिवशी चेंडू आमच्या दोघांच्या मधे उडाला. ओयामा धावत आला होता. चेंडू त्याचाच होता. ओराइ मी म्हणालो."

मग तो थांबला. आणि मीही थांबलो, ते म्हणाले. वर बघितलं आणि पाय हलेनात. चेंडू दोघांच्या मधे पडला. प्रेक्षकांच्या गोंगाटात कुणाला काही ऐकू गेलं नाही. बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच की सेकंड बेसवाला हात वर करून उभा राहिला आणि चेंडू सोडून दिला. चूक त्याच्या नावावर लागली. सामन्यानंतर मॅनेजरने सगळ्यांसमोर ओयामाच्या थोबाडीत दिली. नेगिशी-सान टोपी हातात घेऊन शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. आठवडाभराने दोघांनाही काढून टाकलं.

"बोललो असतो तर मला काढलं असतं," ते म्हणाले. "नाही बोललो, तरी काढलंच. त्या डिसेंबरात पहिलं खोकं आलं. उत्तर लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं. म्हटलं, पुढच्या वर्षी लिहू."

अशी साठ वर्षं गेली. मला त्यांचा राग आला. इतका म्हातारा माणूस, इतका शिस्तीचा, दुसऱ्याच्या पिशवीतलं एक झाकण चुकलं तर चार जिने चढणारा, आणि हा. पण ते डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, आणि मग तो राग काही टिकला नाही.

तात्पुरती घरं एका शाळेच्या मैदानावर होती, पत्र्याची, ओळीने. आम्ही पातेली उतरवली आणि कामाला लागलो. ओयामा-सान कोण हे विचारावं लागलं नाही. जेवणाच्या रांगेत एक बुटका, उन्हाने रापलेला म्हातारा उभा होता. त्याने सूटवाल्या माणसाकडे पाहिलं आणि रांग सोडून सरळ चालत आला. मी डाव घेऊन पातेल्यामागे होते, दोन हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं.

ओयामा-सान म्हणाले, "या खेपेला वाकामे पाठवता आलं नाही. माफ कर. होडी गेली."

 ओयामा-सानच बोलत राहिले. घर गेलं. बायको त्सुनामीच्या आदल्या वर्षीच वारली होती, ते एक बरं झालं, पाणी बघायला राहिली नाही. मग नेगिशी-सान खाली वाकले आणि वाकूनच म्हणाले, "ओराइ मी म्हणालो होतो. त्या दिवशी. चूक माझी होती. तुला ऐकू आलं नाही."

ओयामा-सानांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं.

"ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

नेगिशी-सान सरळ झाले. "मग माफी कसली मागत होतास?"

"तुझा आवाज कापत होता. तुझ्याच्याने होणार नाही हे मला कळलं होतं. धावलो असतो तर पोचलो असतो. पण तू ओराइ म्हणालास आणि मी नियमाने थांबलो." ते म्हणाले, "थांबायला नको होतं. त्याची मागत होतो."

माझ्यासमोर रांग खोळंबली होती. पुढच्या आजीबाईंनी ताटली पुढे करून मला भानावर आणलं. मी वाढलं, पण डोळ्यांना दिसत नव्हतं. खिचडीच्या जागी शिरा गेला. मकरंद विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले. मी त्याला म्हटलं, नंतर सांगते. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या वाक्याचं भाषांतर लगेच करावंसं वाटलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये आमची बदली पुण्याला झाली. नेगिशी-सानांनी त्याच्या आधीच काम सोडलं होतं आणि ते मुलीकडे राहायला गेले. नवा कान्रिनिन तरुण होता आणि आम्हाला नावाने हाक मारायचा. त्यानंतरही ते इमारतीत येऊन एकदोनदा भेटले असतील, पण ते मला नीट आठवत नाही. मला आठवतं ते मैदानच.

दोघं एका घराच्या पायरीवर शेजारीशेजारी बसले होते, एक सुटात, एक रबरी बुटांत. मी दोघांना वाढून आले. बोलणं बहुधा संपलं होतं. नेगिशी-सानांनी चमचा भरून उचलला आणि त्यांचा हात थरथरायला लागला, आधी चमच्याचा, मग ताटलीचाही. कागदी ताटली एका बाजूला कलली. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. दुसरीकडेच बघत राहिले. ओयामा-सानांनी आपलं जेवण पायरीवर ठेवलं, हात पुढे केला आणि ताटलीला खालून आधार दिला. नेगिशी-सान जेवत राहिले. शिरा संपेपर्यंत तो हात तिथेच होता.